प्रादेशिक विमान कंपनीचा बदलता ताफा, कर्मचाऱ्यांचे तळ आणि कंत्राटी उड्डाणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान प्रादेशिक विमान कंपनीत नव्या प्रकारचे विमान आले, एखाद्या शहरातला वैमानिकांचा तळ, म्हणजे त्यांची ड्युटी जिथे सुरू होते आणि संपते ते ठिकाण, बंद झाला किंवा मोठ्या कंपनीशी असलेला करार संपला, की या तीन वेगवेगळ्या बातम्या म्हणून छापल्या जातात. प्रत्यक्षात ते बहुधा एकाच बातमीचे तीन तुकडे असतात. त्यांतला करार सर्वांत आधी ठरलेला असतो, विमाने त्याच्या मागून येतात, आणि तळावर राहणाऱ्या माणसांना या साऱ्याचा पत्ता सर्वांत शेवटी लागतो. पुढील उत्तरे याच क्रमाने वाचावीत, म्हणजे बऱ्याच गोष्टींचा उलगडा होईल.

प्रादेशिक विमान कंपनी कशाला म्हणावे?

याची जगभर चालणारी एकच कायदेशीर व्याख्या नाही. व्यवहारात १९ ते सुमारे ९० आसनांची विमाने घेऊन तास-दीड तासाच्या अंतरावर उडणाऱ्या, आणि बहुतेक वेळा लहान शहरांना मोठ्या विमानतळाशी जोडणाऱ्या कंपनीला हे नाव दिले जाते. एटीआर ४२ आणि ७२, डॅश ८, साब ३४० ही पंख्याची, म्हणजे टर्बोप्रॉप विमाने, आणि सीआरजे किंवा एम्ब्राएर कुळातील लहान जेट विमाने हा तिचा नेहमीचा संसार.

तिकीट एका कंपनीचे, विमानावर रंगही तिचाच, मग उड्डाण दुसरीच कंपनी करते म्हणजे काय?

हेच कंत्राटी उड्डाण. मोठी कंपनी तिकिटे विकते, भाडे ठरवते, वेळापत्रक आखते आणि उड्डाणाला स्वतःचा क्रमांक देते. विमान चालवण्याचे, त्याची देखभाल करण्याचे आणि वैमानिक व केबिन कर्मचारी पुरवण्याचे काम प्रादेशिक कंपनी करते. प्रवाशाच्या तिकिटावर कुठेतरी बारीक अक्षरांत उड्डाण कोण करणार आहे याची ओळ असते, आणि ती न वाचण्याची आपल्याला सवय झालेली असते. अमेरिकेत २०१० च्या विमानसुरक्षा कायद्याने तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळांना ही माहिती शोधाच्या पहिल्याच निकालात दाखवणे बंधनकारक केले. त्या कायद्यामागे एक अपघात होता. त्याविषयी पुढे सांगितले आहे.

पैशाच्या हिशेबावरून या करारांचे दोन मुख्य प्रकार पडतात. पहिल्यात मोठी कंपनी विमानाची क्षमताच विकत घेते. विमानात ७० प्रवासी बसले काय आणि ७ बसले काय, प्रादेशिक कंपनीला ठरलेला मोबदला मिळतो. तो ब्लॉक तासांवर, उड्डाणांच्या संख्येवर आणि दर विमानामागे ठरलेल्या मासिक रकमेवर मोजला जातो. ब्लॉक तास म्हणजे चाकांखालचे अडसर काढून विमान हलल्यापासून ते पुन्हा थांबून अडसर लागेपर्यंतचा वेळ. इंधनाचा खर्च बहुतेक करारांत मोठी कंपनी थेट उचलते, त्यामुळे तेल भडकले तरी लहान कंपनीचे कंबरडे त्याने मोडत नाही. त्याबदल्यात वेळेवर निघालेली आणि रद्द न झालेली उड्डाणे मोजून बक्षीस किंवा दंड लावला जातो.

दुसऱ्या प्रकारात तिकिटाच्या उत्पन्नाची वाटणी होते. जोडप्रवासाच्या भाड्यातला ठरलेला हिस्सा प्रादेशिक कंपनीला मिळतो, परंतु रिकाम्या आसनांचा आणि महाग तेलाचा भार तिनेच वाहायचा असतो. याच्या जवळचाच एक प्रकार फ्रँचायझीचा आहे: नाव, रंग आणि आरक्षणयंत्रणा मोठीची, धंद्याची जोखीम लहानीची. एखादी प्रादेशिक कंपनी सलग दहा वर्षे नफ्यात आहे असे वाचले, तर तो नफा कोणत्या प्रकारच्या करारातून येतो हे आधी पाहावे. पहिल्या प्रकारातला नफा स्थिर असतो खरा, पण त्याला मुदत असते.

वेट लीज, डँप लीज आणि ड्राय लीज यांत फरक काय?

ड्राय लीजवर फक्त विमान मिळते. वैमानिक, देखभाल आणि विमा हे विमान भाड्याने घेणाऱ्याने पाहायचे. वेट लीजवर विमान, कर्मचारी, देखभाल आणि विमा हे चारही देणाऱ्याकडून येतात, आणि घेणारी कंपनी इंधन, विमानतळशुल्क व प्रवासी यांचे बघते. डँप लीज ही मधली पायरी: वैमानिक देणाऱ्याचे, केबिन कर्मचारी घेणाऱ्याचे. वेट लीजवर आलेले विमान सहसा देणाऱ्याच्याच परवान्याखाली उडते, म्हणून त्याच्या सुरक्षेची जबाबदारीही त्याच्याकडेच राहते. एखाद्या कंपनीचे विमान बिघडले, किंवा उन्हाळ्याच्या गर्दीपुरती दोन विमाने कमी पडली, की अशी भाड्याची विमाने येतात. काही लहान कंपन्यांचे तर स्वतःचे एकही नियमित तिकीट नसते. दुसऱ्यांसाठी उडणे हाच त्यांचा पूर्णवेळ व्यवसाय असतो.

ताफा इतक्या वेळा का बदलतो? एकदा घेतलेली विमाने तीस वर्षे का वापरत नाहीत?

विमान तीस वर्षे सहज टिकते. बदलते ते त्याच्याभोवतीचे गणित, आणि त्या गणितात आसनांच्या काही आकड्यांना विलक्षण महत्त्व आहे.

पहिला आकडा १९. अमेरिका, युरोप आणि इतरही अनेक ठिकाणी १९ किंवा त्याहून कमी आसनांच्या विमानात केबिन कर्मचारी ठेवावा लागत नाही. बीच १९०० आणि जेटस्ट्रीम ३१ ही विमाने याच मर्यादेला चिकटून बांधली गेली. दुसरा आकडा ५०. दर ५० आसनांमागे एक केबिन कर्मचारी, असा नियम बहुतेक ठिकाणी असल्याने ५१ वे आसन बसवले की दुसरा माणूस, त्याचे प्रशिक्षण, त्याची हॉटेलची खोली आणि त्याची राखीव बदली हे सगळे मागोमाग येते. एटीआर ४२-६०० मध्ये साधारण ४८ आसने असणे हा योगायोग नाही. सीआरजे-२०० आणि एम्ब्राएर १४५ ही दोन्ही जेट विमाने बरोबर ५० आसनांची निघाली, तीही याच कारणाने.

तिसरा आकडा अमेरिकेतला आहे आणि तो सरकारने ठरवलेला नाही. मोठ्या कंपन्यांच्या वैमानिक संघटनांनी आपल्या सेवाकरारांत एक कलम घालून घेतले, त्याला तिथे स्कोप क्लॉज म्हणतात. आपले काम स्वस्त कंत्राटी कंपन्यांकडे जाऊ नये, म्हणून बाहेर देता येणाऱ्या विमानांवर त्यांनी मर्यादा घातल्या: सर्वसाधारणपणे ७६ आसने, कमाल उड्डाणवजन ८६,००० पौंड म्हणजे सुमारे ३९ टन, शिवाय अशा विमानांच्या संख्येवरही बंधन. या एका कलमाने विमान बनवणाऱ्या कारखान्यांचे बेत उधळले आहेत. एम्ब्राएरचे ई-१७५-ई२ हे नव्या इंजिनांचे विमान २०१९ च्या डिसेंबरमध्ये प्रथम उडाले, परंतु जड इंजिनांमुळे त्याचे वजन ४४ टनांच्या वर गेले आणि ज्या बाजारासाठी ते बांधले त्याच बाजारात त्याला प्रवेश उरला नाही. जपानच्या मित्सुबिशीच्या स्पेसजेट या लहान जेटच्या प्रकल्पापुढे इतर अनेक अडचणी होत्याच. त्यात या वजनमर्यादेची भर पडली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो प्रकल्प अधिकृतपणे गुंडाळला गेला. परिणामी जुन्या इंजिनांचे ई-१७५ अजूनही नवे कोरे विकत घेतले जाते. सर्वांत गमतीदार उदाहरण सीआरजे-५५० चे आहे. ७० आसनांचे सीआरजे-७०० घेऊन त्यातली आसने काढली, ५० वर आणली आणि २०१९ मध्ये त्याला नवे नाव दिले, कारण ७० आसनी विमानांचा कोटा भरलेला होता आणि ५० आसनींचा मोकळा होता. मोकळ्या जागेत सामानाची कपाटे आणि प्रवाशांनी स्वतः घ्यायच्या खाण्यापिण्याचा कोपरा आला.

यात विमानाच्या भाडेपट्ट्याची भर पडते. प्रादेशिक कंपन्यांची बरीचशी विमाने भाडेपट्ट्यावरची असतात, आणि ती परत करताना इंजिने, पंखे, चाकांचा सांगाडा यांत ठरावीक तास आणि ठरावीक फेऱ्या शिल्लक असाव्या लागतात. तासाभराच्या उड्डाणांत फेऱ्या भराभर साठतात: दिवसाला आठ उड्डाणे म्हणजे चाके आठदा आपटणार आणि इंजिन आठदा पूर्ण तापून आठदा थंड होणार. पट्टा संपायला वर्ष उरले असताना मोठी तपासणी आली, तर त्या विमानावर खर्च करायचा की ते परत करून दुसरे आणायचे, हा निर्णय तेव्हाच होतो. एखादे विमान अचानक ताफ्यातून गेले की त्यामागे अनेकदा अशी तपासणीची तारीख असते.

मग लहान, ३० ते ५० आसनांची नवी विमाने का मिळत नाहीत?

कारण ती जवळजवळ कोणीच बनवत नाही. साब ३४० चे उत्पादन १९९९ मध्ये थांबले. सीआरजेचा कारभार १ जून २०२० रोजी मित्सुबिशीकडे गेला, तो देखभाल आणि सुट्या भागांपुरता. शेवटचे नवे विमान २०२१ च्या आरंभी दिले गेले. डॅश ८ चा प्रकल्प बॉम्बार्डियरने २०१९ मध्ये विकला आणि त्याच्या मोठ्या आवृत्तीचे, म्हणजे क्यू-४०० चे, उत्पादन २०२१ पासून थांबले. एअरबस आणि लिओनार्दो यांची भागीदारी असलेली एटीआर ही पाश्चात्त्य बाजारपेठेतली एकच मोठी टर्बोप्रॉप उत्पादक उरली आहे.

याचा खरा चटका नॉर्वेत जाणवतो. तेथील विडेरो ही कंपनी किनाऱ्यालगतच्या वस्त्यांना जोडते, आणि त्यांतल्या अनेक धावपट्ट्या जेमतेम ८०० मीटरच्या आहेत. जुनी, ३९ आसनांची डॅश ८ विमाने तिथे उतरतात. त्यांच्या जागी घालायला आज नवे विमान नाही. एटीआरने ८०० मीटरवर उतरणारी ४२-६००एस ही आवृत्ती काढायला घेतली होती, ती २०२३ मध्ये सोडून दिली. याच विडेरोने २०१८ मध्ये ई-१९०-ई२ हे जेट जगात सर्वप्रथम सेवेत आणले होते. म्हणजे एकाच कंपनीच्या ताफ्यात अगदी नवे जेट आणि काही दशके जुनी पंख्याची विमाने शेजारी उभी दिसतात, आणि यात व्यवस्थापनाचा काही गोंधळ नाही.

टर्बोप्रॉप मागासलेले आणि जेट पुढारलेले, हे खरे का?

नाही. एटीआर ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते आणि क्यू-४०० सुमारे ६५० किलोमीटरने; जेट याहून वेगवान आहे. परंतु ३०० किलोमीटरच्या टप्प्यात त्या वेगाची बचत काही मिनिटांचीच असते आणि इंधन मात्र बरेच जास्त जाते. जेट हवे असते ते लांबच्या टप्प्यांसाठी, खराब हवामानाच्या वर उडण्यासाठी, आणि अमेरिकेसारख्या बाजारात प्रवाशाला पंखा दिसला की विमान जुने वाटते म्हणून. अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या पीडमाँटने ४ जुलै २०१८ रोजी डॅश ८ चे शेवटचे उड्डाण केले आणि पुढे फक्त एम्ब्राएर १४५ ठेवले. अलास्का एअरलाइन्सच्या गटातल्या होरायझनने जानेवारी २०२३ मध्ये क्यू-४०० निवृत्त करून सारा ताफा ई-१७५ वर आणला. दोन्ही निर्णय वैमानिक, सुटे भाग आणि करार यांचे गणित एका प्रकारावर आणण्यासाठी होते.

एका कंपनीने दोन प्रकारची विमाने ठेवली तर काय बिघडते?

मोठ्या कंपनीत फारसे काही नाही. बारा विमानांच्या कंपनीत मात्र सहा-सहाचे दोन प्रकार म्हणजे व्यवहारात दोन स्वतंत्र कंपन्या. वैमानिकाला प्रत्येक प्रकारासाठी वेगळे टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान चालवण्याची मान्यता, लागते, त्यासाठी सिम्युलेटरवर, म्हणजे विमानाची नक्कल करणाऱ्या यंत्रावर, आठवडे जातात, आणि त्या काळात तो प्रवासी उड्डाणे करत नसला तरी पगार चालूच असतो. एटीआर ४२-६०० आणि ७२-६०० यांना एकच रेटिंग चालते. सीआरजेच्या २००, ७०० आणि ९०० यांचेही तसेच. पण एटीआरचा कॅप्टन आजारी पडला तर शेजारी रिकामा बसलेला डॅश ८ चा कॅप्टन उपयोगाचा नसतो. राखीव विमान दोन, राखीव इंजिने दोन प्रकारांची, तंत्रज्ञांचे परवाने दोन प्रकारांचे. म्हणून ताफा बदलण्याचा संक्रमणकाळ, म्हणजे जुना प्रकार पूर्ण गेलेला नाही आणि नवा पूर्ण आलेला नाही ते वर्ष-दीड वर्ष, लहान कंपनीला सर्वांत महागात पडते. उड्डाणे रद्द होण्याचे प्रमाण याच काळात वाढते, आणि दोष नव्या विमानाला दिला जातो.

एका विमानामागे किती वैमानिक लागतात?

हिशेब करून पाहू. विमान रोज ८ ब्लॉक तास उडते असे धरले तर वर्षाला २,९२० तास होतात. युरोपीय नियमानुसार वैमानिकाला एका वर्षात ९०० तासांहून अधिक उडता येत नाही. कागदावर भागाकार ३.२४ येतो, म्हणजे कॅप्टन आणि सहवैमानिक यांच्या जवळजवळ सव्वातीन जोड्या. पण रजा, सिम्युलेटरवरील नियमित परीक्षा, आजारपण, राखीव ड्युटी आणि केवळ दुसऱ्या शहरी पोहोचण्यासाठी प्रवासी म्हणून बसून केलेला प्रवास धरला, तर एका वैमानिकाच्या वाट्याला ६५० तास आले तरी ते बरे समजावे. मग साडेचार जोड्या होतात, म्हणजे एका विमानामागे नऊ वैमानिक. सहा विमानांसाठी २७ जोड्या. हे सारे एका तळावर असताना. तीच सहा विमाने दोन-दोन करून तीन तळांवर वाटली की प्रत्येक तळावर पहाटेची आणि दुपारची राखीव जोडी वेगळी ठेवावी लागते, आणि एका तळावरची जादा माणसे दुसऱ्या तळावरच्या तुटवड्याला वेळेवर पोहोचत नाहीत. तळांची संख्या वाढवणे म्हणजे ताफा न वाढवता पगारपत्रक वाढवणे होय.

तळ म्हणजे नेमके काय, आणि तो विमानाच्या मुक्कामापेक्षा वेगळा कसा?

तळ म्हणजे कर्मचाऱ्याची ड्युटी जिथे सुरू होते आणि जिथे संपते ते नेमून दिलेले ठिकाण. तिथे कंपनीने त्याच्या राहण्याची सोय करायची नसते. तळाबाहेर मात्र हॉटेल आणि भत्ता देणे भाग असते. युरोपात हे ठिकाण बऱ्याच स्थैर्याने ठरलेले असावे असा नियम आहे, आणि २०१२ पासून कर्मचाऱ्याच्या सामाजिक सुरक्षेचा देशही त्यावरूनच ठरतो. २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयाने असेही म्हटले, की कर्मचाऱ्याने दावा कोणत्या देशात दाखल करावा हे ठरवताना त्याच्या तळाला मोठे वजन द्यावे. तळ हा शब्द त्यामुळे केवळ रोस्टरपुरता, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकापुरता, राहिलेला नाही.

विमान कुठे झोपते हा निराळा प्रश्न. लहान शहरातल्या प्रवाशाला सकाळी मोठ्या शहरी पोहोचून संध्याकाळी परतायचे असते, म्हणून शेवटचे विमान रात्री तिथे येऊन थांबते आणि पहाटे तिथूनच निघते. आता एक रात्र जवळून पाहा. विमान २२:४० ला टेकले, प्रवासी उतरले, नोंदी झाल्या आणि कर्मचारी २३:१० ला मोकळे झाले. अमेरिका आणि युरोपात तळाबाहेरची विश्रांती किमान १० तासांची आहे, युरोपात तर आधीची ड्युटी याहून लांब असेल तर तेवढी. म्हणजे हे लोक ०९:१० च्या आत ड्युटीवर येऊ शकत नाहीत. पहाटेचे उड्डाण ०६:३० चे, हजेरी ०५:४५ ची. ते विमान नेणारी जोडी आदल्या दिवसापासूनच त्या शहरात येऊन झोपलेली असावी लागते. ४८ आसनांच्या विमानात दोन वैमानिक आणि एक केबिन कर्मचारी, असे दोन संच मिळून सहा माणसे, रोज सहा खोल्या, वर्षाला २,१९० खोल्यांचे बिल. अशी दोन-तीन विमाने त्याच शहरी झोपू लागली की कोणीतरी हिशेब मांडतो आणि तिथे तळ उघडण्याचा प्रस्ताव येतो. उलट, वेळापत्रकातून ते पहाटेचे उड्डाण गेले की त्याच हिशेबाने तळ बंद होतो. वेळापत्रक मोठ्या कंपनीच्या हाती असल्यामुळे लहान कंपनीच्या तळाचे भवितव्यही बऱ्याच अंशी तिच्याच कार्यालयात ठरते.

तळ बंद झाल्यावर कर्मचाऱ्यांचे काय होते?

नोकरी सहसा जात नाही, पत्ता जातो. बहुतेक ठिकाणी सेवाज्येष्ठतेनुसार उरलेल्या तळांतली जागा मागता येते. ज्येष्ठाने मागितलेल्या जागेवरचा कनिष्ठ पुढच्या तळावर ढकलला जातो, आणि एका तळाच्या बंदीने तीन तळांवरची माणसे हलतात. घर, जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा जिथे आहे तिथून हलायचे नसेल, तर माणूस स्वतःच्या वेळात, रिकाम्या आसनावर बसून नव्या तळापर्यंत ये-जा करू लागतो. ती ये-जा ड्युटीत धरली जात नाही. कागदावर त्याची विश्रांती पूर्ण झालेली असते.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचे क्यू-४०० कोसळले, त्यात विमानातील ४९ आणि जमिनीवरील एक असे ५० जण मृत्यू पावले. ते उड्डाण काँटिनेंटल या मोठ्या कंपनीच्या नावाने विकलेले होते. अपघाताचे कारण म्हणून, विमान स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल सुटण्याच्या, जवळ आल्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने दिलेला चुकीचा प्रतिसाद नोंदवला गेला. पण चौकशीत हेही पुढे आले की दोघांचा तळ न्यूअर्क होता आणि दोघांपैकी कोणाचेही घर तिथे नव्हते: सहवैमानिक आदल्या रात्री सिॲटलहून रात्रभर प्रवास करून आली होती, आणि कॅप्टनने कर्मचाऱ्यांच्या विश्रांतिकक्षात रात्र काढली होती. थकव्याचा नेमका वाटा किती, हे चौकशी मंडळ ठरवू शकले नाही. तो असण्याची शक्यता मात्र त्यांनी नोंदवली. तळ आणि घर यांच्यातले अंतर हा कर्मचाऱ्याचा खाजगी प्रश्न आहे, असे यानंतर सहजपणे म्हणता येईनासे झाले.

वैमानिकांच्या तुटवड्याचा याच्याशी काय संबंध?

त्याच अपघातानंतरच्या कायद्याने अमेरिकेत २०१३ पासून प्रवासी विमान कंपनीच्या सहवैमानिकालाही पूर्ण दर्जाचा परवाना, म्हणजे साधारण १,५०० तासांचा अनुभव आवश्यक झाला. पूर्वी २५० तासांवर भागत असे. लष्करी आणि ठरावीक विद्यापीठीय प्रशिक्षण घेतलेल्यांना सवलत आहे. याचा पहिला फटका सर्वांत लहान कंपन्यांना बसला. ग्रेट लेक्स एअरलाइन्सने १९ आसनांच्या बीच १९०० मधली १० आसने काढून टाकली, कारण ९ आसनांच्या विमानाला निराळे, सौम्य नियम लागू होते आणि कमी तासांचे सहवैमानिक चालत होते. तरीही मार्च २०१८ मध्ये तिला उड्डाणे थांबवावी लागली. मार्च २०२२ मध्ये स्कायवेस्ट या प्रादेशिक कंपनीने, वैमानिक नाहीत म्हणून, सरकारी साहाय्यावर चालणारी २९ शहरांची सेवा सोडण्याची नोटीस दिली. या शहरांना ५० आसनी सीआरजे-२०० जात होते. वैमानिक कमी पडले की कंपनी त्यांना ५० आसनांऐवजी ७६ आसनांच्या विमानावर बसवणार, हे उघडच आहे.

सरकारी साहाय्याचे मार्ग हेही कंत्राटच का?

होय, आणि ग्राहक सरकार असते इतकाच फरक. अमेरिकेत १९७८ च्या विमानव्यवसायाच्या नियंत्रणमुक्तीपासून चालत आलेली अत्यावश्यक हवाई सेवा, युरोपातील सार्वजनिक सेवा बंधनाखालील मार्ग आणि भारतात एप्रिल २०१७ मध्ये पहिले उड्डाण झालेली उडान योजना या तिन्हींत निविदा निघते, मुदत ठरते आणि तुटीची भरपाई मिळते. मुदत सहसा दोन ते चार-पाच वर्षांची असते, विमानाचा भाडेपट्टा मात्र अनेकदा त्याहून लांब. या दोन तारखांतली तफावत हीच अशा कंपन्यांची खरी जोखीम आहे.

करार दुसऱ्या कंपनीकडे गेला तर काय उरते?

कधीकधी काहीच नाही. आयर्लंडची स्टोबार्ट एअर ही एर लिंगस या मोठ्या आयरिश कंपनीच्या नावाने एटीआर विमाने चालवत असे. पुढचा करार एमराल्ड एअरलाइन्स या नव्या कंपनीला मिळाला, आणि आधीचा करार संपण्याची वाट न पाहता स्टोबार्ट जून २०२१ मध्ये बंद पडली. २०२२ च्या आरंभी एमराल्डने एटीआर ७२-६०० घेऊन तीच सेवा सुरू केली. प्रवाशाला रंग तोच दिसला. अमेरिकेतल्या मेसा या प्रादेशिक कंपनीची गोष्ट वेगळी: २०२३ मध्ये तिने अमेरिकन एअरलाइन्ससाठीची उड्डाणे थांबवून ती क्षमता युनायटेड एअरलाइन्सकडे वळवली, म्हणजे ग्राहक बदलून कंपनी तेव्हा तगली. असा बदल झाला की नव्या ग्राहकाची मोठी विमानतळे वेगळी असल्याने तळांची मांडणी बदलते, आणि रोस्टरच्या टेबलावर बसलेल्या माणसाला सगळा कागद कोरा करून सुरुवात करावी लागते.

उड्डाण रद्द झाले तर भरपाई कोणाकडे मागायची?

आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू असलेल्या माँट्रियल करारानुसार, उशिरामुळे झालेल्या नुकसानीबद्दल तिकीट देणारी आणि प्रत्यक्ष उडणारी अशा दोन्ही कंपन्यांकडे दाद मागता येते. युरोपच्या भरपाई नियमात उड्डाण चालवणारी कंपनी जबाबदार असते. मात्र वेट लीजच्या बाबतीत, विमान व कर्मचारी भाड्याने देणारी नव्हे तर ते घेऊन उड्डाण योजणारी कंपनीच चालवणारी समजावी, असा निर्णय तेथील न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये दिला.

बाहेरच्या माणसाला बदलाची चाहूल कशावरून लागते?

घोषणेआधी जाहिराती बदलतात. कंपनी नव्या प्रकाराचे रेटिंग असलेले प्रशिक्षक शोधू लागली, एखाद्या शहरात परवानाधारक तंत्रज्ञांची भरती निघाली, किंवा एखाद्या तळावर येणाऱ्या हंगामासाठी नवे अर्ज घेणेच थांबले, तर काहीतरी ठरलेले आहे असे समजावे. शेअर बाजारात नोंदणी असलेल्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालात करारांच्या समाप्तीचे वर्ष विमानसंख्येसह दिलेले असते. तो तक्ता आणि भाडेपट्ट्यांच्या मुदतीचा तक्ता शेजारी ठेवून पाहावेत.

विमानावर अजून जुन्याच कंपनीचा रंग का?

रंगकामासाठी विमान काही दिवस सेवेतून काढावे लागते, म्हणून ते पुढच्या मोठ्या तपासणीपर्यंत लांबवतात. तोवर दाराशेजारी नव्या कंपनीचे नाव चिकटवून भागवले जाते.